हात सोडून

शेफील्ड. नोव्हेंबर. तळघरातली खोली.
तिसऱ्या मजल्यावर होते तेव्हा खालून ट्राम गेली
की बाटल्या थरथरायच्या आणि माझे गोळे बिघडायचे,
म्हणून इथे.

मोठ्या बरणीत छोटी बाटली.
बाटलीत क्लोरोफॉर्म, त्यात विरघळलेलं पॉलिमर,
बरणीच्या तळाशी मिथेनॉल.
झाकण लावायचं. मग तीन दिवस काही करायचं नाही.

काही न करणं मला जमत नाही.
पहिला महिनाभर रोज झाकण उघडून पाहिलं,
भात शिजलाय का बघतात तसं.
सूक्ष्मदर्शकाखाली चिखल.
ऑलरेनशॉ म्हणाले, सारखी खपली काढलीस
तर जखम भरेल कशी?
ते इथले तंत्रज्ञ, बासष्टचे. बाप सुऱ्यांना धार लावायचा,
फुप्फुसात दगडाची धूळ घेऊन गेला.
बरणीही त्यांच्याच घरची. व्हिनेगरातल्या कांद्यांचा वास
तिला अजून येतो म्हणतात. मला येत नाही.
तिच्यावर आता त्यांच्या अक्षरात चिठ्ठी:
हात लावू नये. विशेषतः तू.

वाफ आत शिरते. साखळ्यांना ती सोसत नाही.
नकोशा पाहुण्याकडे पाठ फिरवून
त्या एकमेकींत शिरतात, आवळत जातात,
कमीत कमी अंग बाहेर राहील
असा एकच आकार उरेपर्यंत.
कुणी वळत नाही. साचा नाही, चिमटा नाही.
तीन मायक्रॉनचे गोळे,
केसाच्या जाडीत वीसेक मावतील.

मग निळा लेसर, एकाच गोळ्याच्या काठावर.
आत उजळलेला प्रकाश काठ धरून धावतो,
भिंतीवर तिरका आपटून पुन्हा आत, पुन्हा आत,
फेरी पुरी करून आपल्याच पावलात पाऊल पडलं
तर टिकतो.
नाहीतर विरतो.

हे मी आधी पाहिलंय.
खरसुंडीच्या जत्रेत, फळ्यांच्या विहिरीत,
मौत का कुआँ, तिकीट दोन रुपये.
नसीम नावाची बाई, येझदी गाडी.
तळाशी रेंगाळत दोन फेऱ्या, आणि एकदम भिंतीवर.
फळ्या खडखडायच्या, फळ्यांबरोबर माझे दात.
अगदी वर, आमच्या हातातल्या नोटा टिपत,
ती दोन्ही हात सोडायची.
काका म्हणाले, भिंत तिला धरते.
मी विचारलं, भिंतीला हात कुठेत?
उत्तर मिळालं नाही. भेळ मिळाली.

काल रात्री सव्वा वाजता
शक्ती वाढवत होते, एकेक टिचकीनं.
पडद्यावर नुसता उंचवटा, मऊ,
या गावाच्या पश्चिमेला डोंगर आहेत तसा.
पुढे जे यायचं असतं त्याला इंग्रजीत जे म्हणतात
त्याचा अर्थ उंबरठा.
मी वहीत उंबरठा असंच लिहिते,
वही तशीही कुणी वाचत नाही.

तो आला तेव्हा आवाज झाला नाही.
डोंगरातून एक सुई वर आली.
शेजारी दुसरी. मग तिसरी, तेवढ्याच अंतरावर,
फणीचे दात.

ऑलरेनशॉना फोन केला नाही, झोपले असतील.
केला. जागे होते.
किती वेळ टिकलं?
अकरा मिनिटं. मग रंग पोळला,
एका बाजूला खड्डा पडला, सुया बसल्या.
बाकीचे आहेत ना बरणीत?
आहेत. काही लाख.
मग झोप आता. झाकण लावलंस का?

लावलं होतं. तरी उठून पाहिलं.
हात मात्र लावला नाही.

खेळ संपला की नसीम खाली उतरायची,
गाडी खांबाला टेकवून उकिडवी बसायची,
गोटी सोडा प्यायची, आणि एक हात
बराच वेळ मातीवर सपाट ठेवायची.
तेव्हा मला वाटायचं,
थकली असेल.