खोली बघताना

दीपश्री जिथे नर्स आहे
त्या होस्टेलात पाहुण्यांना रात्री थांबता येत नाही.
म्हणून जेवणं उरकल्यावर,
लिंबू चोळून हाताचा बांगडा घालवून
मी परदेशात खोली शोधते आहे.

मी. जिने सोळा वर्षं
तोंडवळीत, सुरूच्या बनामागे,
तीन खोल्या भाड्याने दिल्या,
चादरींतली वाळू झाडली,
पुण्याच्या बायकांना सांगितलं, हो, गरम पाणी आहे,
आणि मग बंब पेटवायला धावले.

मुलखाचं नाव ब्लॅक फॉरेस्ट.
वाडीत सांगितलं तर अनुसया म्हणाली,
"म्हंजे वाडदिवसाचो केक?"
होय गो, त्याच केकात चाललोय. दहा दिवस.

मला फोटो वाचता येतात.
कोपऱ्यात उकिडवं बसून काढली की खोली दुप्पट दिसते,
आमचा फोटोवाला तसाच बसला होता.
पडदा ओढलेला असेल तर पलीकडे भिंत आहे.
उशीवर फूल – मीही जास्वंद ठेवायचे,
गादीला खड्डा पडला होता त्या वर्षी.
"तळ्यापासून पाच मिनिटं."
आमच्या पाटीवरही "समुद्र दोन मिनिटं" आहे,
ती ह्यांची दोन मिनिटं. अनवाणी, आणि भरतीची.

ह्यांना पाण्याजवळच हवंय.
एका गावाच्या नावाच्या शेवटी 'सी' दिसलं
तर उठून बसले.
"बाबा, तो सी वेगळा. ते तळं आहे," फोनवर दीपश्री हसली.
"तळ्याक भरती येता काय?"
नाही म्हटल्यावर म्हणाले, नको.
आणि लगेच, "तरी बघ."

शहरात एक आहे, ट्राम दारातून जाते.
रात्रीचे एकशे दहा युरो.
ह्यांनी बोटांवर हिशेब मांडला, बोटं संपली.
डोंगरात एक लाकडी घर, सज्जाला लाल फुलं, गाई.
खालून वर येणारी शेवटची बस सहाला.
तिची ड्यूटी सुटणार आठला.
म्हणजे एवढा समुद्र ओलांडून आम्ही
गाईच बघायच्या?

मग ते सापडलं.
बाईचं नाव हिल्टरूड. चेहरा नाही,
नुसते हात, किटली धरलेले.
दीपश्रीने वाचून दाखवलं:
जिना अरुंद आहे.
चर्चची घंटा सहाला वाजते, थांबवता येत नाही, मी विचारून पाहिलं.
गरम पाण्याला वेळ लागतो.
पाव सकाळी मीच आणते.
आणि फोटोत मागे, काढायची राहिली
की मुद्दाम ठेवली कोण जाणे,
कपड्यांची दोरी.
चार पांढऱ्या चादरी, टोकावर टोक,
एका चिमट्यात दोन-दोन,
चिमटे कमी पडले की मी घालते तशा.

"हीच," मी म्हटलं.
"मासे शिजवूक देतली?"
"आपण कोणाक देतो?"
गप्प बसले.

खाली एक रकाना होता: स्वतःविषयी थोडं सांगा.
मला कोणी असलं सांगत नाही,
विचारतात, एसी आहे का, चिकन मिळेल का.
दीपश्रीला म्हटलं, लिही.
आम्ही दोघं. पहाटे उठतो, आवाज करणार नाही.
आमच्याही खोल्या आहेत, समुद्राकडे.
पायाला वाळू नसेल, तेवढी खात्री देते.
मुलगी रात्री आठनंतर येईल,
अर्धा तास बसेल, तिला बसू द्या.

उत्तर आलं तेव्हा
मी दोन नंबरात कोल्हापूरच्या लोकांची गादी उलटत होते.
एकच ओळ.
उशा दोन लागतील की तीन?

उशीचं मला कोणी विचारलं
त्याला किती वर्षं झाली,
आठवत उभी राहिले.
गादी तशीच, अर्धी उचललेली,
बाहेर गाडीचा हॉर्न.