वाऱ्याचा आणा

खारजुव्यावर पवनचक्क्या झाल्या तीन.
चौथी म्हणून सांगतात, दिवाळ्याच्या धक्क्यावरून दिसायची ती,
ती चक्की नव्हती. नुसता खांब होता,
वर घार बसायची.

पहिली लाकडाची.
जोमा सुतारानं फुटक्या मचव्याची डोलकाठी रोवली
आणि जुनी शिडं फाडून चार पंखे शिवले.
आमच्या बोलीत शिडाला शीर म्हणतात.
चार शिरं लावतो, म्हणाला, एखादं तरी शहाणं निघेल.

त्याआधी पाणी बाया उचलायच्या, डोणीनं,
खाडीतून कोंडीत, कोंडीतून तापवणीत,
पायांच्या भेगांत मीठ घेऊन.
चक्की फिरली त्या दिवशी
पोशीबाय बांधावर बसून राहिली.
हातांचं काय करायचं, तिला कळेना.

शनिवारी शिलोत्र्याच्या वहीत नवी ओळ:
वारा, एक आणा. मजुरीतून वजा.
काम वारा करतो,
मग सगळे पैसे तुम्हांला कशाचे?

सगळे आपापल्या अंगठ्याकडे बघत उभे.
पोशीबाय म्हणाली,
"वारा तुजा हाय ना? मंग थांबव त्याला."
शिलोत्री हसला, छत्री उघडून निघाला
आणि बांधाच्या वळणावर छत्री उलटी झाली.

एवढंच. लढा वगैरे काही झाला नाही.
आणा पुढं चार वर्षं कापला गेला.
वही माझ्याकडे आहे. अडतीस साल वाळवीनं खाल्लंय,
आणा शाबूत आहे.

दुसरी लोखंडाची, अठरा पात्यांची.
वंगण मुशीच्या तेलाचं,
त्यामुळे रात्रभर मांजरं शिडीवर
आणि सगळ्या आगराला तो वास.
आखाड लागला की पाती उतरवून
एकेका घरात एकेक ठेवायची.
आमच्याकडे सातवं असायचं, पाळण्याखाली.

तिसरी माझ्या बापानं केली, डांबराचे ड्रम कापून.
तोवर डिझेलचं इंजिन आलं होतं,
तिला कुणी थेंबभर पाणी उचलू दिलं नाही.
राहू दे, बाप म्हणायचा,
वाऱ्याला सवय आहे इथं थांबायची.
कोळणी तिच्याकडे बघून ठरवायच्या
मतलई सुटली की नाही. एवढीच तिची नोकरी.

मग भराव आला, डंपरमागून डंपर.
चारी बाजूंचं पाणी गेलं तसं
जुवं हा शब्दही गेला. आता सेक्टर.
बापानं शेवटचं पातं आणलं ते
पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून राहिलं,
नंतर कुणी नेलं, माहीत नाही.

मी तिथंच आहे. पंपावर.
सकाळी पाचला बटण दाबतो,
बावीस मजले पाणी चढतं.
म्हणजे घराण्याचा धंदा तोच.

परवा विक्रीच्या ऑफिसात दरपत्रक पाहिलं:
खाडीकडची बाजू, मोकळा वारा,
चौरस फुटामागे दोनशे जादा.

पोशीबायचं वाक्य मी लिफ्टमध्ये म्हणून पाहिलं,
तिच्याच हेलात, जरा मोठ्यानं.
सतराव्या मजल्याच्या साहेबांनी कानातलं काढलं,
म्हणाले, काय? पाणी येणार नाही का आज?

येईल, म्हटलं.