चौऱ्याण्णव

विसर्जनाच्या सकाळी, वाकडेवाडीच्या ऑफिसात,
यंत्राच्या तोंडावर टोपण चढवायचं, बटण दाबायचं.
आत एकच शिट्टी वाजते, चौऱ्याण्णव डेसिबलची.
पडद्यावर चौऱ्याण्णव उमटलं की यंत्र शहाणं.
नाही उमटलं, तर स्क्रू पिळायचा.
बावीस वर्षं मी हे करतोय.

रात्री अकराला टिळक रोडवर
पहिल्या मंडळाच्या भिंतीपुढे हात लांब करून उभा राहिलो.
एकशे चार.
बरगड्यांत कुणी रिकामा डबा बडवावा तसं.
कोंढरे मॅडमनी लिहिलं, एकशे चार. पंचनामा झाला.
दोन कार्यकर्ते सह्या करून, शिव्या देऊन गेले.
त्यांचे दादा गेल्या खेपेला पडलेले.

दोनशे पावलांवर दुसरं मंडळ.
एकशे नऊ.
मॅडमचं पेन उघडंच होतं, तेवढ्यात फोन आला.
त्या दणदणाटात स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता,
पण साहेबांचं अक्षर न अक्षर मॅडमपर्यंत पोचलं.
माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,
"वाघोले, बॅटरी उतरलीय ना?"

नवी होती. दुपारी मीच घातलेली.
पावती खिशात होती, बावन्न रुपयांची.
म्हटलं, हो.

पुढे फार काही झालं नाही.
पहिल्यांना नोटीस गेली.
दुसऱ्यांनी द्रोणातून बुंदी दिली, ती आम्ही तिथेच
उभ्या उभ्या खाल्ली. भूक लागलेली.
माहितीच्या अधिकारात कुणा निवृत्त मास्तरांनी विचारलं,
तर उत्तर गेलं : उपकरण अकार्यक्षम.
आणि बॅटरीचे बावन्न रुपये मी कधी मागितले नाहीत.

दिवाळीनंतर डाव्या कानात शिट्टी सुरू झाली.
बारीक, सलग, ओळखीची.
ससूनला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं,
कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडची मुलगी म्हणाली,
"काका, आवाज आला की हात वर करा."

आवाज आला.
मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.
पुन्हा आला. पुन्हा बघितलं.

"माझ्याकडे नका बघू, काका.
तुम्हाला ऐकू येतंय ना?"

शेवटी तिनं उठून माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

शिट्टी वाजतेय.
तिची की माझी, सांगता येत नाही.
हात मांडीवर आहे.