धूर कुठे वळतो

हर्णै बंदराचा चढ चढून आल्यावर
चोगल्यांचा ट्रक गॅरेजासमोर उभा राहिला खरा,
पण इंजिन उभं राहीना.
गियर न्यूट्रलला, पाय पॅडलवर नाही,
तरी आवाज चढतोय, पडतोय, पुन्हा चढतोय,
आणि चढला की काळा धूर.

त्र्याहत्तरचं मॉडेल. हौद्यात बर्फाखाली सुरमई.
मागच्या फळीतून पाणी ठिबकत होतं,
हरेश्वर चोगले एकदा ते बघे, एकदा घड्याळ.

मी तेव्हा गॅरेजात सात महिन्यांचा.
चौदा-पंधराचा पाना अंधारात हाताला ओळखू यायचा
आणि वाटायचं, कान असला की झालं.
मी ऐकलं. पंपाच्या अंगाला कुठेतरी बारीक सूं.
बोट दाखवलं तिकडे.

दिलावरचाचांचा डावा कान
चिपळूणच्या डेपोत गेला,
उजवा त्याच्या मागोमाग.
त्यांनी माझं बोट बघितलंच नाही,
समोरच्या टपरीवरून अगरबत्ती आणायला लावली.
मोगऱ्याची नव्हती, केवड्याची मिळाली.

मी म्हटलं, साबणाचं पाणी मारू? पंक्चरला मारतो तसं?
ते माझे ओठ वाचून हसले.
"पंक्चर फुंकतं रे. ही नळी चोखते.
बुडबुडा येणार कुठनं?"

मग अगरबत्ती नळीच्या कडेकडेने,
इतकी सावकाश, की चोगले शिव्या विसरला.
धूर सरळ. धूर सरळ.
धूर क्लॅम्पपाशी आला
आणि भरती लागल्यावर खाडीचं पाणी फिरतं
तसा मुकाट वळून आत गेला.

नखाएवढी चीर. खाऱ्या वाऱ्याने रबराचं लाकूड झालेलं.
दोन इंच कापून टाकले, उरलेलं ओढून बसवलं,
स्टार्टर मारला.
धाप कमी झाली. थांबली नाही.

चोगले म्हणाला, दापोलीला नेतो.
चाचांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

इंजिन बंद. बंद करायचा दांडा ओढून धरला,
पंपाचं नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं,
आणि मला खूण केली, सोड.
पडदा धड असता तर दांडा
निम्म्या वाटेत अडून राहिला असता,
दारात आलेल्या उधारीवाल्यासारखा.
तो टक्कन परत गेला.
टक् मी ऐकलं. त्यांना अंगठ्यात कळलं.

चार स्क्रू. झाकणामागे चामड्याचा पडदा,
सुकट झालेला, मधोमध मोहरीएवढं भोक,
त्यावर कुणीतरी कधीतरी लावलेलं सायकलचं सोल्युशन.
नवा पडदा कोल्हापूरला. परवा, मिळाला तर.

चाचांनी फळीवरून बिस्किटांचा डबा काढला.
तेलात बुडवलेले सात-आठ पडदे,
प्रत्येकाला तारेने बांधलेला पत्रा, पत्र्यावर नंबर,
भंगारात गेलेल्या गाड्यांचे.
एक उचलला, उजेडात धरला, वाकवला,
ओल्या नागवेलीच्या पानासारखा वाकला.
नंबर मी वाचला.
केळशीच्या वळणावर काजूखाली गंजते ती गाडी.
तिच्या केबिनमध्ये मी नि माझी बहीण
तोंडाने इंजिन चालवायचो,
घाट आला की ती थुंकी उडवायची.

पडदा बसला. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे.
स्टार्टर. चाचांनी तळवा झाकणावर ठेवला,
बराच वेळ, ताप बघतात तसा,
आणि सात महिन्यांत पहिल्यांदा
माझ्याकडे वळून विचारलं, "कसा वाटतो?"

मी ऐकलं. घाईने हो म्हणणार होतो.
मग पुन्हा ऐकलं.
"अजून जरा उंच आहे," मी म्हटलं.
त्यांनी स्क्रू पाव फेरा सोडला.

चोगल्याने निम्मे पैसे दिले, दोन सुरमया दिल्या,
बाकी परतताना म्हणाला.
अगरबत्ती चिऱ्याच्या फटीत खोचलेली राहिली.
दापोलीच्या रस्त्यावर बर्फाच्या पाण्याची रेघ होती,
पऱ्याच्या मोरीपर्यंत दिसत होती.