शुद्धलेखन

उत्पला पानी म्हणाली.
वीस वेळा म्हण पाणी, बाई म्हणाल्या, मग जा प्यायला.
नववी ब, तिसरा मजला, पालिकेची शाळा, मानखुर्द.
खिडकीतून डम्पिंगचा धूर आत यायचा,
पहिल्या बाकावर बसायचा,
त्याला कुणी उठवायचं नाही.
सतरा झाले, अठरा झाले,
तिची जीभ टाळूपर्यंत जायची आणि घसरायची.
वर्ग हसला.
मीही हसले. हे आधी सांगून टाकते,
कारण पुढे जे लिहिलं गेलं ते माझ्या अक्षरात आहे.

माझा ण चोख.
आईने लाटण्याच्या धाकाने बसवलेला,
चार घरी भांडी घासताना ऐकून आणलेला,
उरलेल्या भाजीसारखा, डब्यात, झाकून.

वही राष्ट्रपालची, चौकटीची, गणिताची.
तीन महिने तो काही बोलला नाही, नुसत्या रेघा मारल्या:
संडास धुवायला कोण गेलं, कितीदा.
सात नंबर. एकोणीस. एकतीस, बत्तीस.
पुन्हा सात.
पुन्हा एकोणीस.
एक ते सहापुढे चौकटी कोऱ्या.
जिगर मकवाना म्हणाला, माझा बाप पालिकेतच आहे,
गटारात उतरतो, पण त्याला निदान पगार देतात.
कुणाला काही सुचेना.
मग यल्लव्वा हसली, आणि मग सगळेच.

टाकीमागे बसायचो, खिचडी संपली की.
रुखसार पहाऱ्याला. तिचा नंबर वहीत नव्हता, तरी.
वर "विनंती" लिहायचं की "मागणी", यात दोन दिवस गेले.
जिगर म्हणे, विनंती म्हणजे भीक.
यल्लव्वा म्हणे, मागणी लिहिलीत तर उद्या दाखल्यावर काय लिहितील?
शेवटी वर विनंती लिहिलं आणि खाली मागण्या.
स्कॉलरशिपची नावं जातीसकट वर्गात वाचू नयेत.
साफसफाई करायचीच तर हजेरीच्या क्रमाने, एकपासून.
तिसरी उत्पलाने सांगितली,
मी तिच्या तोंडून आली तशी उतरवली.
सह्या तेवीस.
दोघांनी नंतर घाबरून खोडल्या,
त्या खोडलेल्याही आम्ही राहू दिल्या.

चौथ्या दिवशी अर्ज परत.
हेडसरांनी लाल पेनाने चौदा गोल केले होते,
ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार,
आणि खाली शेरा: आधी शुद्ध लिहायला शिका.

शुद्ध.

त्या शब्दाकडे मी बघत राहिले.
त्या चार घरांपैकी एका घरी
आईचा कप खिडकीच्या बाहेर, कुंडीमागे ठेवतात.
तिने तो कधी सांगितला नव्हता.
मीच पाहिला होता, एकदा किल्ली द्यायला गेले तेव्हा.

राष्ट्रपाल म्हणाला, गोल केलेत म्हणजे वाचलंय.

रात्री उत्पलाच्या घरी, पोटमाळ्यावर,
अर्ज परत लिहून काढला. तेरा चुका दुरुस्त केल्या.
चौदावी तिसऱ्या मागणीत होती:
पानी प्यायच्या आधी परीक्षा घेऊ नये.
तिथे पेन थांबलं.
ठेवू? मी विचारलं.
माझंच हाय ते, ती म्हणाली. ऱ्हाऊ दे.

या वेळी हेडसर नाही, थेट वॉर्ड ऑफिस.
कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला,
कुणी लिहून दिलं, म्हणून विचारलं,
आणि उत्तर ऐकायच्या आत शिक्का मारला.
आवक क्रमांक पाचही जणांनी हातावर उतरवून घेतला.

पुढच्या महिन्यात भिंतीवर पाळ्यांचा कागद लागला.
एक नंबर, निनाद.
त्याला खराटा धरता येईना.
जिगर बघत होता. उठला नाही.

स्कॉलरशिपची नावं अजून मोठ्यानेच वाचतात.
बाई उत्पलाला आता काहीच विचारत नाहीत,
कविताही नाही, अर्थही नाही.
तीही विचारत नाही.
तास चालू असताना उठते, जाते,
ओठ पुसत परत येऊन माझ्या शेजारी बसते.

मी अजून पाणीच म्हणते.
जीभ आपोआप वळते.