आडवा भार

पहिल्या वेळी पुस्तकं नेली होती, चाकांच्या बॅगेतून,
पानापानाला रंगीत पट्ट्या चिकटवून.
बॅगेला वास सुक्या सॅमनचा, कोडिॲकहून बाबा तीच भरून पाठवतात.
शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दोनदा खुर्ची सरकवली.
निकाल दोन ओळींचा आला:
उभा भार, पास.
आडवा भार, नापास.

उभ्या भाराचं मला कळतं.
तो रोजचा आहे. छपरावर बर्फ, बर्फाखाली तुळई,
तुळईखाली खांब, खांबाखाली पाया,
आणि जमीन मुकाट्याने सगळं घेते.
आडव्याचं तसं नाही.
तो वर्षानुवर्षं फिरकत नाही, आणि आला की
एकेका सांध्याला गाठून विचारतो,
तू नक्की कुणाला धरून आहेस?

दुसऱ्या वेळी पुस्तकं बंद, सगळं पडद्यावर.
भूकंपाचं प्रकरण उघडता उघडेना,
एक गोल नुसता फिरत राहिला
आणि कोपऱ्यातलं घड्याळ मात्र नीट चालू.
पुन्हा नापास.

ऑफिसात सही वेंडेलची.
आकडे माझे, शिक्का त्याचा.
शाळेच्या जिमची ती भिंत मी रात्री अकरापर्यंत मोजली,
त्याने कॉफी संपायच्या आत मंजूर केली.
वाईट नाही तो.
शिक्का मारताना माझ्याकडे बघत नाही, एवढंच.

बाबा फोनवर म्हणाले, टेक्ला,
भिंतीला कळतं का, तू नापास झालीस ते?
मी हसले नाही. मग बराच वेळ नुसती खरखर,
आणि मग ते चौसष्टच्या शुक्रवारचं बोलले, जे कधीच बोलत नाहीत.
सहा वर्षांचे होते. दाराच्या चौकटीला धरून
जमीन थांबायची वाट बघत आकडे मोजत होते.
शंभराच्या पुढे काय येतं ते अजून शिकवलं नव्हतं,
म्हणून शंभर झाले की पुन्हा एकपासून.
तिसऱ्यांदा मोजताना, सत्तरला, थांबली.
पाणी नंतर आलं, म्हणाले, ते वेगळं.
आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.
टेबल डुगडुगतं माझं, इंजिनिअरचं,
एका पायाखाली संहितेची जुनी आवृत्ती सरकवलेली आहे.
एक भिंत, एक स्लॅब, एक बाण कडेवर.
जोर कुठून आला, कुणी घेतला,
कुणाच्या हाती दिला, मध्ये कुठे हात सुटला.
सप्टेंबरभर एवढंच.

परीक्षेच्या सकाळी आठला दहा कमी,
अँकरेज अजून अंधारात,
आणि केंद्राच्या दारासमोर मूस उभी. मादी, बाजूला पिल्लू.
आम्ही पाच जण आपापल्या गाडीत, काचा वर,
पाचही जण गणितात पक्के, एकाचीही उतरायची हिंमत नाही.
शेवटी नेल सलूनच्या मिसेस फालेओलोंनी मागचं दार उघडून
हातानेच खुणावलं, या, या.
ॲसिटोनच्या वासातून, ओळीने मांडलेल्या लाल बाटल्यांसमोरून
आम्ही एकामागून एक परीक्षेला गेलो.

बाह्या वर करा. खिसे उलटे करा. चष्मा दाखवा.
गोल पुन्हा फिरला.
मी एकपासून मोजू लागले. बेचाळीसला पान उघडलं.
एका प्रश्नातली भिंत दुसऱ्या मजल्यावरच संपत होती,
खाली नुसते दोन खांब.
पडद्यावर बोट ठेवून मी तिच्यातून उतरले,
पर्यवेक्षक उठून उभा राहिला, पुन्हा बसला.
काय उत्तर दिलं ते सांगायचं नाही, तशी सही घेतली आहे.

बाहेर आले तेव्हा दिवस कलला होता.
मूस माझ्याच गाडीला टेकून बसलेली, पिल्लू झोपलेलं.
मी पायरीवर बसले.
निकालाला अजून कितीतरी आठवडे,
आणि ती उठेल तेव्हा उठेल.
खिशात सॅमनचा तुकडा होता, सकाळी लॉकरमध्ये ठेवलेला.
थंडीने कडक झाला होता.
बराच वेळ चघळावा लागला.