उलटे आटे

देवचंद महाले दुकानात आला तेव्हा
करवतीच्या साखळीला गोणपाट गुंडाळलेलं होतं,
चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला बांधावं तसं.
"मूठ सोडली तरी धावते," म्हणाला,
"परवा मोहाडीला पोराच्या पोटरीपासून एवढीशी"
आणि दोन बोटांत दाखवलं केवढीशी.
मी ते अंतर नजरेनं मोजलं. अठरा मिलिमीटर.
सवय जात नाही.

मशीन नारिंगी-पांढरं, नावात एक अक्षर जास्त.
साडेचार हजार, भद्रकालीच्या एका बोळात.
पावती नाही. खोकं होतं, ते पावसात विरघळलं.

पेठ नाक्यावर आधी सगळे विचारतात, मिस्त्री कुठे गेले?
मी पाना उचलते. मग विचारत नाहीत.

आधी आयडलचा स्क्रू.
अर्धा फेरा मागे घेतला, इंजिन धापा टाकून मेलं.
पाव फेरा पुढे, जगलं,
आणि साखळी पुन्हा निघाली सावकाश,
झोपेत चालणाऱ्या माणसासारखी.
म्हणजे दोष हवेत नाही, पेट्रोलात नाही. पोटात आहे.

प्लग काढून भोकातून परकराची नाडी आत सोडली,
हातभर, पिस्टन अडेपर्यंत.
देवचंद हसला. हसू दे.
लोखंड अडवायला लोखंड घातलं की दोघांतलं एक फुटतं,
नाडी कुणाला दुखवत नाही.

क्लचवर छिन्नीचे घाव होते. सगळे डावीकडे, सगळे रागातले.
"घरी खोलून बघितलं?"
तो छताकडे बघायला लागला.
इथे आटे उलटे असतात, बाबा.
तू सोडवत गेलास तसतसा तो आवळत गेला.
"मग तो बाण?"
बाण होता खरा, लोखंडातच ओतलेला.
नक्कल करणाऱ्यानं बाणही उचलला होता,
फक्त आरशातून.

उजवीकडे एक झटका, आणि सुटला.
आत ड्रम निळा पडलेला,
बेअरिंग कोरडं, ग्रीसच्या जागी तपकिरी पूड.
तीन बूट, तीन स्प्रिंगा. दोन ढिल्या. तिसरी कानातून तुटलेली.
स्प्रिंगेचं काम काय, तर बुटांना आत ओढून धरायचं,
इंजिन खरंच ओरडेपर्यंत.
ही नुसत्या पुटपुटण्यालाच सोडून देत होती.

अठरा वर्षं सातपूरला मी तपासणीत बसले.
केसाच्या दहाव्या हिश्श्यासाठी माल लाल पेटीत टाकला.
या मशीनपेक्षा चांगला माल, हे आज कळतं.
कंपनी चाकणला गेली. आम्हाला चहा, भाषण, स्टीलचा डबा.
त्या डब्यात आता मेलेल्या मशिनींच्या स्प्रिंगा असतात.

अस्सल स्प्रिंग लावून बघितली. बसेना, आकडा अर्धा मिलिमीटर मोठा.
मग दिंडोरीचं ते हिरवं मशीन आठवलं, गेल्या साली गेलेलं,
तेही नकलीच.
त्याची स्प्रिंग टक्‌ करून बसली.
नकलेला नक्कल ओळखीची.

एकटी नाही बदलायची. तिन्ही बदलायच्या.
दोन थकलेल्यांत एक ताजी घातली
तर ताजीच आधी तुटते.
हे कंपनीत कुणी शिकवलं नाही,
तिथे मी बघितलं.

नाडी ओढून काढली, प्लग लावला, रस्त्यावर नेऊन दोरी ओढली.
इंजिन चालू. साखळी गप्प.
मूठ दाबली, धावली. सोडली, थांबली.
देवचंद वाकून बघत राहिला,
थांबलेली वस्तू एवढा वेळ कुणी बघत नाही.

"किती दिवस चालेल?"
"कापायचंय काय?"
"द्राक्षाची जुनी खोडं. अडीच एकर."
"मग अडीच एकर चालेल."

अडीचशे दिले, पन्नास राहिले.
गोणपाट इथेच विसरला.
दहा पावलं जाऊन परत आला, गोणपाटासाठी नाही.
"सोडायला उजवीकडे, ना?"
"उजवीकडे."
"आणि आवळायला?"
"आवळायला," मी म्हणाले, "माझ्याकडे. पन्नास घेऊन."